मिसिंग

मांजरसुंब्याच्या घाटात, दुसऱ्या वळणावर
गाडीला उचकी लागली.
सॅन्ट्रो, दोन हजार चारची,
आमच्याकडे आली तेव्हाच तिसऱ्या हातची.
पाय दाबला की धक्का, सोडला की गप्प.
मागून एक ट्रक हॉर्नवर हात ठेवूनच चढत होता.

बुधवार होता.
दर बुधवारी आप्पांना अंबाजोगाईला न्यायचं.
तिथली ती मुलगी त्यांना आरशासमोर बसवून
प, फ, ब, भ म्हणायला लावते.
भारत म्हणाला, पेट्रोलात भेसळ.
मी म्हणाले, तुझं पहिलं उत्तर नेहमी भेसळच असतं.
मागच्या सीटवर आप्पा म्हणाले, "वा... वा... र..."
मी त्यांच्या बाजूची काच खाली केली.
वारा आला, ट्रकचा धूरही.
ते मान हलवत राहिले.
अलीकडे ती तशीही हलतेच.

घाट काही चढला नाही. उताराला लागून
कसेबसे बीडात परत आलो.
बार्शी नाक्याच्या आतल्या गल्लीत रऊफ मिस्त्री.
त्याचा डावा कान ट्रॅक्टरांनी खाल्लाय.
उजव्याला लांब पेचकसाची मूठ लावली,
टोक इंजिनवर टेकवलं, डोळे मिटले.
"मिसिंग मारतीय," म्हणाला,
जे आम्ही त्याला येतानाच सांगितलं होतं.

मग चालू इंजिनची एकेक वायर उपटायला लागला.
एक नंबर काढली, इंजिन लटपटलं. परत लावली.
तीन काढली, लटपटलं.
चार, तसंच.
दोन काढली
आणि काहीच झालं नाही.
आधी जेवढं कण्हत होतं तेवढंच कण्हत राहिलं.
"ह्योच. गेला तरी कुणाला कळत नाही त्यो."
मी विचारलं, म्हणजे मेला?
"मरा नै मॅडम. ऊपर-नीचे हो रा, पेट्रोल बी पी रा.
आग उसतक पहुंचतीच नै."

तीन प्लग निघाले बदामी, कोरडे.
दोन नंबरचा काळा, ओला,
नाकाशी नेला तर कच्च्या पेट्रोलचा वास.
प्लग बदलून पाहिला, उचकी तिथंच.
कॉईल तपासली, ठीक.
भारतनं तेवढ्यात मोबाईलवर
ही गाडी विकली तर किती येतील ते बघून घेतलं.

सात वाजता लाईट गेली.
तौफिकनं बॅटरी लावली तर रऊफ ओरडला, बंद कर.
बॉनेटवर वाकून त्यानं
न्हाव्याकडं असते तसल्या बाटलीनं पाणी फवारलं.
मार स्टार्टर.
आणि त्या काळोखात आम्हाला ती दिसली,
शिलाईच्या टाक्याएवढी निळी ठिणगी,
वायरच्या कुशीला पडलेल्या चिरेतून निघून
जवळच्या लोखंडावर उडत होती,
टिक्, टिक्, टिक्,
जायचं ते ठिकाण चार बोटांवर सोडून.

"वायर," भारत म्हणाला.

वायर.
सव्वीस वर्षं जिल्हा परिषदेची पेट्रोल जीप चालवलेला माणूस
घाटात दोनदा सांगत होता
आणि मी काच खाली केली होती.
मागं वळून पाहिलं. गॅरेजच्या बाकड्यावर
आप्पा अंधारात बसलेले, हातात चहाचा कप,
अर्धा चहा सदऱ्यावर.
मी काही बोलले नाही. काय बोलणार?

वायरचा सेट साडेआठशे, प्लग चार,
मजुरी तीनशे, त्यातले पन्नास रऊफनं परत केले,
का ते सांगितलं नाही.

पुढच्या बुधवारी घाट
गाडीनं न बोलता चढला.
वर सपाटीला आल्यावर आप्पा म्हणाले,
"ब..."
बघ? बस? बंद कर?
भारतनं एसीच्या बटणाकडं हात नेला.
मी तो धरला, गाडी कडेला घेतली.
इंजिन चालूच ठेवलं. चारही नीट लागत होते.
नेकनूरकडून येणारी एक बस गेली, मग एक उसाची ट्रॉली.
आप्पांचे ओठ जुळले, सुटले,
पुन्हा जुळले.