चव्वेचाळीसचे चाळीस

हंटिंग्टनच्या दवाखान्यापर्यंत दीड तास.
वर्लिन वाटेत दोनदा गाडी थांबवायला लावतो,
उतरतो, दाराला धरून उभा राहतो
आणि म्हणतो, हवा छान आहे.
फेब्रुवारी आहे. पंपामागचा चिखल गोठलाय.
मीही म्हणते, छान आहे.

तपासणारी मुलगी आमच्या डेलाएवढी.
हातात प्लास्टिकचा कोनमापक,
कंपासपेटीतल्यासारखाच, फक्त याला दोन लांब हात.
"पाय अडेल तिथे नाही, मिस्टर स्टॅम्पर,
दुखायला लागेल तिथे सांगा."
ऐक रे तिचं, मी मनात म्हणते.
पण बावीस वर्षं ज्याच्या अंगात भिनवलं
की दुखणं ही काही बातमी नव्हे,
तो मांडी उचलत राहतो.
वीस. तीस.
टेबलावरचा कागद त्याच्या मुठीत चुरगळतो.
चाळीस.
"इथे?"
"ठीक आहे, मॅम."
ती कागदाकडे बघते, मग माझ्याकडे.
मी छताकडे.
ती तीस लिहिते.

विमानातून उड्या किती?
एकशे अठरा.
आणि एक, जिची नोंद कुठे सापडत नाही.
डावा पाय त्या एकीतच गेला.

मला कुणी काही विचारत नाही.
सांगितलं असतं,
की तो खुर्चीत झोपतो, पलंग माझ्या एकटीचा;
की मोजा चढवायला त्याने तारेचा आकडा केलाय
आणि मी खोलीत आले की तो उशीखाली सरकवतो;
की जिना उतरतो उलटा,
पाठ जगाकडे, तोंड घराकडे.
गुडघे टेकले नाहीत म्हणून त्याला पदक मिळालं होतं.
आता टेकायचे म्हटले तरी टेकत नाहीत.
टेकला एकदाच, फेएटव्हिलमध्ये, माझ्यापुढे,
तेव्हाही अंगठी दुसऱ्या खिशात.

मे महिन्यात पाकीट आलं.
डावा गुडघा, बदललेला: तीस टक्के.
डावा खुबा: वीस.
मी पन्नास म्हणून मोकळी झाले.
तसं नसतं, बाई.
आधी माणूस अख्खा धरायचा,
त्यातून गुडघ्याचे तीस काढायचे.
उरला सत्तर टक्के वर्लिन.
खुब्याचे वीस त्या उरलेल्यातले, म्हणजे चौदा.
चव्वेचाळीस.
वरचे चार सोडून द्यायचे.
एक जास्त असता तर पन्नास झाले असते.

त्या एकासाठी मी रात्री उठून
स्वयंपाकघरात पुन्हा बेरीज केली,
पाकिटाच्या पाठीवर, तीनदा.
तिकडे खुर्ची करकरली.
"इमोजीन, साठ टक्के धडधाकट आहे मी,"
अंधारातून म्हणाला, "तुझ्या भावापेक्षा बरा."

सकाळी घेवडा लावायचा होता.
तो उपड्या बादलीवर बसतो,
हात पोचेल तेवढ्यात सहा बिया खोचतो,
मग दोन्ही हातांनी माझा खांदा धरून उठतो, आवाज न करता.
मी पायाने बादली पुढे ढकलते.
तो बसतो.
ओळ कुंपणापर्यंत आहे.