बी राग धरते

अख्ख्या सक्करदऱ्याचे मिक्सर
आमच्या निमज्यांच्या दुकानात सुधरतात
आणि माझ्या ओट्यावरचा
संक्रांतीपासून बंद.
तिळाचा कूट करता करता
एकदा खरडल्यासारखा ओरडला
आणि जळका वास सोडून गप्प झाला.
“पाहतो,” म्हणाले हे.
आता एप्रिल सुरू आहे.

बाहेर त्रेचाळीस.
कूलरच्या गवताला पाणी पाजून
सकाळीच बुधवार बाजार गाठला.
मृगाची शेवटची संत्री,
साल सुटलेली, आत जीव आखडलेला,
डझनामागं दोन वरून.
विकणारी काटोलकडची होती.
“लस्सी करतो म्हणतो पोरीसाठी,” म्हटलं,
तर नोटा कंबरेला खोचता खोचता म्हणाली,
“कर ना माय, पण बी नको चिरडू.
बी राग धरते.”

मागच्या वर्षी चिरडली होती मी.
झाकण दाबून धरलं, बटण फिरवलं,
फोडी, बिया, पांढरे धागे, सगळं एका दमात.
पेल्यात उतरलं ते नुसतं कडूजहर.
मृणालीनं पहिल्याच घोटाला तोंड फिरवलं.
ह्यांनी मात्र पेला संपवला
एक शब्द न बोलता,
मिशी पुसली, दुकानात गेले.
तेव्हापासून मला कळलेलं नाही,
ती माया होती
की जिभेपर्यंत काही पोचतच नाही यांच्या.

कानापर्यंत तर नाहीच.
बावीस वर्षं मोटारींचं किंचाळणं ऐकून
डावा गेला, उजवा जायच्या वाटेवर.
हाक मारली तर वळत नाहीत.
भांडं पडलं तर वळतात,
तेही पायाखाली फरशी हलली म्हणून.

आज मांडी घालून खालीच बसले.
एकेक फोड उसवली,
जुन्या ब्लाउजची शिवण उसवतात तशी,
कापड न दुखवता.
बी इकडे, पापुद्रा तिकडे,
ताटलीत फक्त केशरी थेंब,
आपापल्या कातड्यात उभे.
अंगठ्याच्या चिरेत रस गेला, चरचरलं.
दुसरं संत्रं घेतलं.

दही रात्रीच लावलेलं,
माठाच्या ओल्या फडक्याला टेकून बसलेलं.
दूध असतं तर संत्र्यानं नासलं असतं.
दही नासत नाही.
ते आधीच एकदा बिघडून
आपल्या जागी नीट बसलेलं असतं.
मला बरं वाटतं दह्याकडे पाहून.

साखर. काळं मीठ, बोटाच्या टोकावर मावेल एवढंच.
वेलची होती, नाही घातली.
आणि माळ्यावरून काढली रवी,
जिचा एक दात कधीच मोडलाय.

मिक्सर ओरडतो.
रवी बोलते,
घर्र, मग थोडं थांबून घर्र,
मनगट बदललं की सूर बदलते.
मोडक्या दाताचा एक ठोका
दर फेरीला चुकतो,
मी त्याच्यासाठी थांबायला शिकले.

हे कधी आले कळलं नाही.
चप्पल दारात, शर्टाला ग्रीसचा वास,
समोर येऊन बसले उकिडवे.
मी काही बोलले नाही, बोलून काय उपयोग.
मग ह्यांनी तळवा ठेवला पातेल्यावर,
दुकानात येणाऱ्या दर मशीनवर ठेवतात तसा.
बेअरिंगला हातानंच विचारतात हे.
बराच वेळ ठेवला.
“चालून राहिली ना मस्त,” म्हणाले.
कोण, ते मी विचारलं नाही.

गर शेवटी टाकला, हातानंच हलवला,
पेला भरून पुढं केला.
एक घोट. थांबले.
पेल्यात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि ज्यांना ऐकू येत नाही
त्यांच्या त्या मोठ्या आवाजात
शेजारच्या खापेकरांनाही कळेल असं म्हणाले,
“मागच्या वर्षीची लय कडू होती बाप्पा!”

मी रवी धुवायला घेतली.
नळ जरा जोरातच सोडला.