चोच

खोका मागच्या सीटवर बांधून आणला होता,
नायलॉनच्या दोरीनं, उसाची मोळी बांधावी तसा.
उद्यमनगरात तिसऱ्या गल्लीला लेथचा किस चपलेत घुसतो,
तिथं बाबालाल शिकलगारनं तो उघडला,
फेअरिंग उन्हात धरली,
पाठीवर टिचकी मारून कान लावला
नारळ घेताना लावतात तसा.

"फायबर बरं हाय. काच पातळ.
क्लॅम्प मातूर दुसऱ्याच गाडीचं धाडल्यात."
मग जरा थांबून,
"फेअरिंग तुम्ही म्हणा. आमच्यात हिला चोच म्हणत्यात."

माझी मान चार वर्षं वाऱ्यानं खाल्लेली.
ऐंशीच्या पुढं गेलो की कुणीतरी
हेल्मेट धरून मागं ओढायचं.
डॉक्टर गुरव म्हणाले, पट्टा लावा नाहीतर गाडी विका.
मी दोन्ही केलं नाही. दोन महिने रात्री
काचेच्या उंच्या वाचत बसलो,
स्वयंपाकघरातल्या पट्टीनं हनुवटीपासून डोळे मोजले.

"हँडलला लावू, का चासीला?
हँडलला लावली तर पाच नटांचं काम.
पण ती हातासंगं वळणार, आणि पुलावर आडवा वारा आला
की तुमच्या मनगटात बोलणार.
चासीला लावली की सुटलात.
तुम्ही कुठं बी वळा, ती गाडीच्या नाकासमोर बघती."
चासी म्हणालो. पैसे अडीचपट झाले.

शनिवारी त्यानं मला गाडीवर बसवलं आणि म्हणाला,
"वहिनींना बोलवा.
मागं वजन नसलं तर सगळं माप खोटं.
त्या बसल्या की गाडी मान वर करती, काचेचा कोन बदलतो."
विजयमाला पतसंस्थेतून रिक्षानं आली,
मांडीवर पर्स घेऊन तासभर मागं बसली
जागची न हलणाऱ्या गाडीवर,
समोर रेझिनचा वास, भिंतीला उघडे स्पॅनर.
बाबालालनं काचेवर खडूनं रेघ मारली.
"काचेतनं बघायचं न्हाई. काचेवरनं बघायचं.
पाऊस आला, चिखल आला, तर डोळं आपलं मोकळं पायजेत."

चार एमएमच्या पट्टीचे ब्रॅकेट,
पाण्याच्या मोटरीचे रबरी बुश,
आणि एक भोक चुकलं. ते अजून आहे,
डाव्या अंगाला, एम-सीलनं बुजवलेलं,
रंग जुळला नाही.

रविवारी कागल ओलांडलं आणि वारा संपला.
म्हणजे होता तो, डोक्यावरून जात होता,
दुसऱ्या कुणाच्या तरी कामाला निघाल्यासारखा.
आधी टॅपेटचा आवाज आला. अरे, हा इतका वाजतो?
मग साखळी. मग माझाच श्वास, हेल्मेटात.
आणि मग ती.

चोवीस वर्षं ती मागं काहीतरी बोलायची,
मी वाऱ्यात 'हां' म्हणायचो.
मला वाटायचं, हळू चालवा म्हणते.
किंवा घरचं, गॅस बंद केला का, तसलं.

"के ए बावीस. पंचेचाळीस अठरा.
चार न पाच नऊ, दहा, अठरा. नऊ."
ट्रक मागं पडला.
"एमएच नऊ. सदतीस बावीस. चौदा. पाच."
उसाच्या ट्रॉलीला नंबरच नव्हता,
तिथं ती नुसतं "च्च" म्हणाली.

मी मान वळवली नाही.
तवंदी घाटात तिला सलग तीन नऊ मिळाले
आणि ती हसली, आतल्या आत, माझ्याशी नव्हे.
मी साठवर आलो. पुढच्या टँकरला
ओव्हरटेक करायची घाई केली नाही,
त्याची पाटी तिला नीट दिसू दिली.

सोमवारी बाबालालनं विचारलं, कसं वाटतंय.
म्हटलं, हेल्मेटच्या टोकाला अजून थोडं लागतंय.
"मग काच दोन बोटं खाली घेऊ. मान एकदम निवांत.
आवाज जरा वाढंल, बास."

त्यानं स्पॅनर उचललासुद्धा होता.
राहू दे, म्हटलं.
दुखू दे थोडी.