हजारफुली

ओडिलने बावीस वर्षं एकच रंग घडवला.
तळाशी तांबूस गव्हाळ, त्यावर काळी कोर,
आणि पिसाच्या टोकाला पांढरा ठिपका
मोहरीएवढा.
मसुरीएवढा झाला की कोंबडी सूपच्या पातेल्यात.

पातेलं मी चढवायची.
तेव्हा काही बोलले नाही, हे इथे लिहून ठेवते,
त्याच्याच वहीत, त्याच्याच पेन्सिलीने,
जिच्या मागच्या टोकावर अजून त्याचे दात आहेत.

वहीत नावं नाहीत. पायातल्या कड्यांचे आकडे फक्त.
४१७ आणि ३९०. अकरा अंडी, सात फुटली, दोन ठेवली.
उरलेल्या पाचांचं काय झालं ते लिहिलेलं नाही
पण शनिवार होता.

आमच्याकडे वारा थेट समुद्रावरून येतो,
आयझर नदीपर्यंत त्याला अडवायला एक टेकाड नाही,
म्हणून खुराड्याचं दार पूर्वेला.
मूठभर पक्षी. गालाला दाढी, पायांत पिसांचे बूट,
चिखल झाला की ओडिल त्यांच्यासाठी भुसा अंथरायचा,
माझ्यासाठी नाही.

तो म्हणायचा, गोडलीव्ह, हा रंग स्थिर नसतो.
दर पानगळीला जुनी पिसं झडतात,
नवी येतात ती थोडी जास्त पांढरी.
पहिल्या वर्षी काळपट वाटते ती ठेवायची,
दुसऱ्या वर्षी ती बरोबर होते.
तिसऱ्या वर्षी तिच्याकडे बघायचं नाही.

तो गेला ऑक्टोबरात, ऐन पिसं झडायच्या दिवसांत.
अंगणात उघड्या मानेच्या कोंबड्या हिंडत होत्या
आणि शवपेटी उचलायला आलेल्यांच्या
पॉलिश केलेल्या बुटांना
ती सगळी निवडलेली, जपलेली पिसं चिकटली.
एक चर्चच्या फरशीवर सापडलं.
घंटा वाजवणाऱ्याने ते मला पाकिटात घालून दिलं,
जसं काही मी हरवलं होतं.

हिवाळ्यात वही वाचायला घेतली.
५०२ पाच वर्षांची. आता तिच्यात गव्हाळ
शोधावा लागतो, दूध उतू गेल्यासारखी दिसते.
तिच्या नावापुढे, म्हणजे आकड्यापुढे:
पांढरी झाली. खुडूक चांगली बसते. राहू दे.

मी ते तीनदा वाचलं.
खुडूक बसते हे खरं आहे. कारण तेवढंच असेल.

जानेवारीत रूसेलारच्या प्रदर्शनाला तिलाच नेलं.
आदल्या रात्री परातीत न्हाऊ घातलं,
शेवटच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर,
मग केस वाळवायचं यंत्र, मंद.
तिने डोळे मिटून घेतले. ओडिलही असाच बसायचा
न्हाव्याकडे.

पहाटे शेजारच्या वानेसने गाडी काढली.
टोपलीवर टॉवेल झाकला होता,
तरी उजाडायचं ते उजाडलंच, पावणेनऊला.

परीक्षक होर्नार्ट, ओडिलच्या ओळखीतले,
छडीने तिचं एक पीस उचलून म्हणाले,
बाई, ही चुकून आली का?
मी म्हटलं, नाही.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.
कार्डावर लिहिलं: ठेवण उत्तम. पांढरं फार.
एकोणनव्वद.
इतके कमी गुण आमच्या घरात कधीच आले नव्हते.
कार्ड फ्रीजवर लावलंय, बटाट्याच्या चुंबकाखाली.

मार्चमध्ये तिच्याजवळ सोडला तो नर
ओडिलने काळा म्हणून बाजूला काढलेला,
पुढच्या शनिवारचा. शनिवारच आला नाही.
नऊ अंडी. तिचीच, आणि बसलीही तीच.
सहा फुटली.

सहाही पिवळट, पाठीवर तपकिरी पट्टा,
एकमेकांपासून ओळखू येत नाहीत.
कोण काळं, कोण पांढरं,
सप्टेंबरशिवाय कळायचं नाही.
वानेस विचारतो, किती ठेवणार?

पेन्सिल बोटभर उरली आहे.
टोक काढताना आता दातांच्या खुणांना हात लागतो.
मी वहीत लिहिलं: सहा फुटली, सहा.