अकरा पत्रे

बटण दाबलं की आधी पंखा घरघरतो,
मग काळ्या पडद्यावर एकच पांढरी ओळ:
चालू करण्याजोगी डिस्क सापडली नाही.
एफो डोत्से स्टुलावर बसून ती पुन्हा पुन्हा वाचतात,
वाचता वाचता बदलेल म्हणून.

सिमेंट, खिळे, छपराचे पत्रे.
बावीस वर्षांची उधारी या एका डब्यात.
आमच्या शहराचं नावच हो,
आणि उधार मागणाऱ्याला डोत्सेंनी
शहराच्या नावापलीकडे कधी उत्तर दिलं नाही.

भाच्यानं घरीच उद्योग करून ठेवला होता:
पेनड्राइव्ह लावून विंडोज नव्यानं बसवायला गेला.
सदतीस टक्क्यांवर अडलं.
पुन्हा बसवलं. पुन्हा सदतीस.
अडलं ते बरंच झालं, पोरा,
पुढे सरकलं असतं तर उरलंसुरलंही पुसलं असतं.

मी केबल बदलली. पोर्ट बदलला.
शेजारच्या छपाईवाल्याकडून पॉवर सप्लाय मागून आणला.
सेटिंगच्या निळ्या पानावर डिस्कचं नाव
एकदा दिसलं, अर्धं,
मग तेही नाही.
शेवटी उघडी डिस्क हातात घेऊन कान लावला.
टक्. टक्. खर्र्.
दारू पिऊन आलेला माणूस
अंधारात कुलपाचं भोक चाचपतो, तसं.

केंकी गार व्हायच्या आत बातमी बाजारभर.
दावी एन्योनाम आल्या, हातात दुरुस्तीचं काहीच नाही.
"वाचेल का हो?" आवाजात काळजी,
पण चेहरा सणाला निघाल्यासारखा.
कोसी गवंडी दारातूनच: "गेली ना? गेलीच ना?"
चर्चचे गायकमास्तर चार्जर बघायला आले,
तीन दिवसांत तीनदा,
एकदाही घेतला नाही.

अफी म्हातारी तेवढी सरळ डोत्सेंकडे गेली.
"चार पोती राहिलीत माझ्याकडे. दोन फेडली ती मुलाच्या बारशाला.
तुझ्या डब्याला काय विचारायचं?"
चुरगळलेल्या सेडी मोजून ठेवल्या.
डोत्सेंना कळेना हे लिहायचं कुठे.
पेन घेऊन तळहातावर लिहिलं.

रात्री नवी डिस्क शेजारी जोडली
आणि जुनीतलं कणाकणानं उतरवायला लागलो.
नासकी जागा आली की सोडायची,
पुढे जायचं,
शेवटाला पोचलं की उलटीकडून सुरू.
लाइट गेली. डुमसोर. दीड तासानं आली.
सुटलं होतं तिथूनच धरलं.
एकसष्ट टक्के.

आता सांगतो.
तीन वर्षांपूर्वी वाऱ्यानं दुकानाचं छप्पर नेलं,
तेव्हा डोत्सेंच्या गाडीनं पत्रे आणून टाकले.
पैशाचं बघू, म्हणाले.
त्यांनी बघितलं नाही, मीही नाही.
माझी ओळ त्या एकसष्टात आहे
की उरलेल्यांत, ठाऊक नाही.
फाइल उघडली तर कळेल.
उघडली नाही.

थांबवायचं तर फार काही करायला नको.
दमली बिचारी, एवढंच म्हणायचं.
या शहरात तिचा आवाज
माझ्याशिवाय कुणाला वाचता येतो?

टक्. खर्र्. बासष्ट.

लाइट पुन्हा गेली.
मोबाइलचा टॉर्च वर मारला,
या भिंतीपासून मोजायला लागलो.
अकरा.
मग त्या भिंतीकडून, उलटे.
अकरा.