धिरा

रावपुऱ्याच्या मागच्या गल्लीत, नटुभाईच्या पिठाच्या गिरणीवर
लाकडी सज्जा चार बोटं झुकलेला.
नोटिशीवर सही माझी: वैदेही शिर्के, उपअभियंता.

भाईलाल मिस्त्रीने तुळईवर बोटाचं पेर वाजवलं,
कान लावला, पुढे सरकला, पुन्हा वाजवलं.
"इथपर्यंत साग," म्हणाला, "इथून पुढे नुसता रंग."

मी भेगेवर चिकटवायला काचेची पट्टी काढली.
"राहू दे, बेन. पीठ बघ."
सांध्यांत वर्षानुवर्षांचं पीठ, पिवळं, दगडासारखं.
एका सांध्यात मात्र त्याला चीर गेलेली
आणि चिरेत कालचं, पांढरं.

गिरणी बंद. नटुभाईने तोंड फिरवलं.
दोन बल्ल्या उभ्या राहिल्या, खाली रुंद फळी,
पायाशी पाचरा, जोडीने, समोरासमोर.
एक ठोका इकडून, एक तिकडून.
मग बिडी.

मी म्हटलं, घ्या ना वर. चारच तर बोटं.
"ऐंशी वर्षं लागली तिला खाली यायला.
दुपारभरात ओढशील तर ती येईल पण,
मागची भिंत नाही येणार.
एने एनी मेळे बेसवा दो."

तो टेको म्हणत होता.
आमच्या घरात त्याला धिरा म्हणत.
शेंगांनी वाकलेल्या शेवग्याला आई लावायची.
नकाशात मी लिहिते: तात्पुरता आधार.

रोज सकाळी एक ठोका, तेवढाच.
आठव्या दिवशी तुळई बोलली,
कोरडं, बारीक, कुणी बोट मोडावं तसं.
पाचर हाताने हलवून पाहिली, हलेना.
"आली," म्हणाला भाईलाल
आणि बिडी अर्धीच विझवली.

त्यानंतर कामाला तीन दिवस पुरले.
कुजका तुकडा काढून नवी कूस,
कोपऱ्यात तिरका हात,
चौकट पुन्हा लवू नये म्हणून.

बिल केलं: बल्ल्या दोन, पाचरांच्या जोड्या दोन,
साग साडेचार घनफूट, मजुरी दिवस तीन.
उरलेल्या आठ दिवसांना
दरपत्रकात कलम सापडेना.
साहेबांनी विचारलं, मिस्त्री करत काय होता?
मी म्हटलं, काम.
लाल शाईने त्यांनी तिथे प्रश्नचिन्ह काढलं.
ते अजून तसंच आहे.

सज्जाही अजून तीन बोटं झुकलेलाच.
घराखाली गिरणी असून
मी कधी कधी दळण घेऊन इथवर येते.
नटुभाई आता बोलतो.
जात्याची घरघर सुरू होते,
मी डबा खाली ठेवते
आणि आधी सांध्यातल्या पिठाकडे बघते.