रात्री दोनचं रीडिंग

भोगव्याला आमच्या चौदा खोल्या.
जून लागल्यापासून एकही पाहुणा नाही,
तरी मीटरचा लाल ठिपका लुकलुकतो.
छत्री खांद्याला, टॉर्च दातांत,
मी आकडा उतरवते:
चार, शून्य, सात, एक, नऊ.
कोण जागं आहे इथे?

दुसऱ्या रात्री किल्ल्यांचा जुडगा घेऊन निघाले.
सहा नंबरच्या फ्रिजमध्ये
मे महिन्यात कुणी विसरलेली कोकमाची बाटली
तीन महिने गार होत होती, एकटी.
अकरामधला गीझर
पाणी तापवत होता, निवू देत होता,
पुन्हा तापवत होता,
कुणी न्हायला येईल म्हणून.
याचे पैसे मी भरले. निमूटपणे.

मग कुडाळहून निमिषा खवणेकर आली,
स्कूटरच्या डिकीत चिमट्याचा मीटर घेऊन.
तारेला चिमटा लावायची आणि कागदावर लिहायची,
डॉक्टरांसारखी, वर न बघता.
शेवटी म्हणाली, काकू, ऊन डोक्यावर असताना पंगत मांडायची.
विहिरीचा पंप पहिल्या पानावर,
चादरींचं धुणं त्याच्या शेजारी,
रात्री वाढायचं फक्त मासळीच्या फ्रीझरला,
आणि तेही दार न उघडता.
एसीला सांगायचं, थांब जरा.

एसी थांबत नाही हो.
पाहुणे येतात ते समुद्र ऐकायला,
खिडकी सताड उघडतात
आणि एसी लावतात सोळावर.
मी पाटी लिहिली, "कृपया चोवीस." फाडली.
दुसरी लिहिली:
"या खोलीला दर्याकडे दोन खिडक्या आहेत.
एसी बंद करून दोन्ही उघडा. पडदे सांभाळा."
तीच ठेवली.

आठ नंबरच्या छपरावर उंडीची सावली.
निमिषा म्हणाली, ती फांदी पाडली
तर चार पॅनल जास्त बसतील.
मी वहीची पानं मागे उलटली:
मे महिन्यात आठ नंबर
शेजारच्या नवापेक्षा रोज तीन युनिट कमी खातो.
ती बराच वेळ पेन चावत बसली.
मग तिने उंडीला
पॅनलच्या खालच्या ओळीत लिहून घेतलं.

खारं वारं आधी स्क्रू खातं,
मग वॉरंटीची पंचवीस वर्षं.
बँकेतले सामंत साहेब विचारतात, पैसे सुटणार कधी?
मागल्या वादळात तार अकरा दिवस आडवी होती, साहेब,
तेव्हा तुमच्या एटीएममधूनही काही सुटत नव्हतं,
असं म्हणायचं होतं.
"सहा वर्षांत," म्हणाले.

आणि सांतान.
एकोणीस वर्षं जनरेटर त्याचा.
हात लावायच्या आधी कानाने ओळखतो,
बेल्ट सैल आहे की डिझेलमध्ये पाणी.
तक्त्यात पाचव्या वर्षी डिझेलपुढे शून्य आहे.
शून्य काढायला काय, पेन गोल फिरवायचं.
सांतानचा पगार कुठल्या रकान्यात बसवायचा,
ते निमिषाला विचारलं,
तर ती म्हणाली, हा रकाना तुमचा.

गणपतीनंतर दहा पॅनल चढले.
आता सांतान लुंगी खोचून
गोड्या पाण्याने त्यांवरचं मीठ पुसतो,
कान लावतो, मान हलवतो.
"ह्ये पत्रे आवाज करणत नाय.
दुखता खंय, ता कळतला कसा?"
मला सांगता आलं नाही.
मोबाइलवर आलेख दिसतो म्हणाले.
त्याने मोबाइलही कानाला लावून बघितला.

काल रात्री दोनला पुन्हा गेले.
सहाचा फ्रिज रिकामा, दार उघडं टाकलेलं,
अकराचा गीझर भिंतीतून सुटलेला.
ठिपका इतक्या सावकाश लुकलुकत होता
की मध्ये मला तीन लाटा मोजता आल्या.
उजेड एकाच ठिकाणी होता:
जनरेटरच्या खोलीत.
सांतान आत पाटावर बसून
गार यंत्राला तेल देत होता,
जरा जरा, चिंधीने पुशीत.

आकडा लिहिला.
तो दिवा वजा केला.